टाचणी नसलेली गल्ली

तिला सगळे घंटी म्हणत. विधानसभा सदस्यांच्या संपर्क कार्यालयात फोन उचलायला बसते म्हणून हे नाव पडलं, असा नव्या माणसांचा समज होता. जुन्यांना खरं माहीत होतं. लहानपणी ती गच्चीवरून भावाला जेवायला हाक मारायची आणि आजूबाजूच्या इमारतींतली पोरंही हातातला खेळ टाकून घरी पळायची, इतका तो आवाज खणखणीत. पुढे लग्न होऊन ती त्याच गल्लीत समोरच्या घरात गेली आणि नावही तिच्याबरोबर रस्ता ओलांडून गेलं. सासूबाईंनी सुरुवातीला नाक मुरडलं, मग त्याही "अगं घंटे" म्हणायला लागल्या.

कार्यालय पूर्वी चपलांचं दुकान होतं. सदस्यांनी ते भाड्याने घेतलं तेव्हा खोकी गेली, फळ्या राहिल्या. त्यांवर आता फायली, निवडणुकीतून उरलेल्या टोप्या आणि कधीच न चालणारा एक टेबलफॅन होता. गिऱ्हाइकाला पायातला जोड दिसावा म्हणून भिंतीच्या तळाशी लावलेला तिरका आरसाही कुणी काढला नव्हता. घंटीच्या खुर्चीतून त्या आरशात येणाऱ्याचे पाय आधी दिसत, माणूस मागाहून. चकचकीत काळे बूट दिसले की वीज कंपनीचे साहेब. एका बाजूला झिजलेल्या टाचा दिसल्या की बिल जास्त आल्याची तक्रार. ती मान वर न करता "बसा" म्हणायची, आणि लोकांना वाटायचं हिला पाठीला डोळे आहेत.

तिच्या मागच्या भिंतीवर शहराचा नकाशा होता. ती कल्पना सदस्यांची. लाइट गेल्याचा फोन आला की त्या गल्लीवर एक लाल टाचणी. महिना संपला की सगळ्या काढायच्या आणि पुन्हा कोरी सुरुवात. "लोकांचं दुखणं मला उभ्या उभ्या दिसलं पाहिजे," असं ते म्हणाले होते. त्यावर घंटीने आपला एक कायदा चढवला. फोन नाही तर टाचणी नाही. दारात येऊन तावातावाने बोलणाऱ्याला ती शांतपणे सांगायची, "बाहेर जा आणि फोन करा." तो माणूस काचेच्या दाराबाहेर उभा राहून फोन लावायचा, ही आत उचलायची, आणि दोघं एकमेकांकडे बघत बोलायची.

"अहो बाई, मी समोरच उभा आहे."

"गल्ली सांगा."

"आत्ताच तर सांगितली."

"ती तोंडी होती."

लोक चरफडत, पण ती बधत नसे. तिच्याआधी जो कार्यकर्ता त्या खुर्चीत बसायचा तो ओळखीपाळखीच्या गल्ल्यांवर मूठ मूठ टाचण्या खोचून ठेवायचा. त्याला तिनेच सदस्यांकरवी बाहेरचा रस्ता दाखवला होता. नकाशावर खोटं खपवून घ्यायचं नाही, एवढी एक गोष्ट तिने आपली म्हणून धरली होती.

सदस्य मूळचे सायकल दुरुस्तीवाले. अजूनही बोलता बोलता समोरच्या टेबलाचा स्क्रू ढिला आहे का ते बोटाने चाचपायचे. ते निवडून आले चिमणीमुळे. शहराच्या कडेला कोळशावर चालणारं जुनं वीज केंद्र होतं आणि त्याची काजळी सगळ्यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर पडायची. सदस्यांनी काय केलं, तर काळे डाग पडलेला एक पांढरा सदरा काठीला बांधून गल्लोगल्ली फिरवला. भाषण असं काही नव्हतंच. तीन वाक्यं होती. धूर नको, अंधार नको, वाढीव बिल नको. लोकांनी भरभरून मतं दिली. घंटीच्या गल्लीने तर जरा जास्तच, कारण वारा चिमणीवरून सरळ त्यांच्याकडे यायचा.

चिमणी बंद झाली. शहराबाहेरच्या उजाड उतारावर सौर पॅनेलच्या रांगाच रांगा उभ्या राहिल्या. कपडे पांढरे राहू लागले. दिवसा वीज इतकी, की कंपनी म्हणायची वापरा, हवी तेवढी वापरा. गोची संध्याकाळी. सूर्य मावळायचा आणि नेमके तेव्हाच सगळे घरी येऊन पंखे, दिवे, टीव्ही, गिझर एकदम लावायचे. तेवढ्या वेळापुरती बाहेरून वीज विकत घ्यायची तर दर ऐकूनच घाम फुटावा असा. दिवसाची वीज साठवून ठेवणाऱ्या मोठ्या बॅटऱ्या मागवल्या होत्या, पण त्या काही येत नव्हत्या. लोक फोन करून विचारायचे. घंटी सांगायची, "बॅटऱ्या बोटीत आहेत." एकदा एक म्हातारा म्हणाला, "बोट आहे की होडी, ते तरी सांगा." तिने तेही सदस्यांच्या कानावर घातलं होतं. ते हसले नव्हते.

अशात एका सकाळी आरशात काळे बूट दिसले. कंपनीचे इंजिनिअर होते. मऊ बोलणारा, थकलेला माणूस. आल्या आल्या त्याने पाणी मागितलं आणि ग्लास हातात धरूनच बोलू लागला.

"साहेब, दोनपैकी एक सांगा. दर वाढवू, की संध्याकाळचा एक तास कुठेतरी बंद करू? बॅटऱ्या येईपर्यंतच."

"दर वाढवायचे नाहीत," सदस्य म्हणाले. "बिल वाढलं की लोक काय म्हणतील? ऊन महाग पडलं. एकदा हे तोंडी बसलं ना, की पुढच्या वेळी कुणीतरी चिमणी परत आणायचं भाषण ठोकणार आणि हेच लोक टाळ्या वाजवणार. ऊन फुकट पडतं, मग वीज महाग का, हे मी कुणाकुणाला समजावत बसू?"

"मग तास."

"तास." सदस्यांनी टेबलाच्या कडेचा स्क्रू चाचपला. "पण सगळीकडे थोडा थोडा नको. सगळ्यांना दिला तर सगळे ओरडतील. एकाला दिला तर एकच ओरडेल. आणि जो ओरडतच नाही त्याला दिला तर..."

ते उठून नकाशापाशी गेले. घंटी तेव्हा फोनवर होती. पलीकडून एक बाई फ्रीजमधलं दूध नासल्याचं पहिल्यापासून सांगत होती. सदस्यांचं बोट लाल टाचण्यांच्या गर्दीतून फिरत फिरत एका स्वच्छ जागेवर थांबलं.

"ही बघा. आख्ख्या महिन्यात एक टाचणी नाही. मागच्या महिन्यातही मला आठवत नाही. सोशिक लोक आहेत. यांचा तास धरा."

घंटीने मान वळवली. बोट तिच्या गल्लीवर होतं.

"हो, दूध, ऐकतेय," असं ती फोनमध्ये म्हणाली आणि तोवर इंजिनिअरने मोबाइलमध्ये नकाशावरच्या त्या जागेचा फोटो काढलासुद्धा. फोन ठेवून ती म्हणाली, "साहेब, ती माझी गल्ली आहे."

"अरे वा," सदस्य म्हणाले. "मग तर उत्तमच झालं. समजवायला तुम्ही घरातच आहात."

टाचणी का नव्हती, ते घंटीला पुरतं माहीत होतं आणि तेच तिला झोंबत होतं. गल्लीत लाइट काही कमी जात नसे. पण गेली की कुणी फोन लावत नसे. खिडकीखाली येऊन हाक मारत. "घंटे, गेली गं." की ही वरून वायरमनला फोन लावायची, "भाऊ, आमची डीपी बघा जरा," आणि तो बिचारा सायकलवर टांग टाकून यायचा, फ्यूज घालायचा आणि जाताना खाली उभा राहून चहा पिऊन जायचा. गल्लीला याचा अभिमान होता. घंटीला तर फारच. बाकी शहर फोनच्या रांगेत ताटकळतंय आणि आमचं काम एका हाकेत, असं ती गल्लीबाहेरच्या नातेवाइकांना ऐकवायची. दिवसभर दुसऱ्यांना "बाहेर जा आणि फोन करा" म्हणणारी ही बाई स्वतःच्या गल्लीचं सगळं तोंडीच भागवत होती. नकाशाने जे ऐकलं नाही ते त्याच्यावर आलं नाही. त्याचं काय चुकलं?

घरी खालच्या खोलीत तिची धाकटी नणंद शिवणाचं काम चालवायची. तिला सगळे मास्तर म्हणत. मोटारीवर चालणारी चार मशिनं, कडा शिवायचं एक ओव्हरलॉक, कापडाचं लांब टेबल. तिच्याकडच्या बायका दिवसा दुसरीकडे कामाला जायच्या, कुणी दवाखान्यात झाडलोट, कुणी दुकानात, आणि संध्याकाळी इथे मशिनवर बसायच्या. त्यामुळे खोलीला जाग यायची तीच दिवेलागणीला. सध्या शाळेच्या गणवेशांचं काम हातात होतं. शाळा उघडायच्या आत दिले तर पुढच्या वर्षीचंही काम मास्तरचंच, असं मुख्याध्यापिकेने तोंड भरून सांगितलं होतं. मास्तरने असं काम पहिल्यांदाच मिळवलं होतं आणि त्या दिवसापासून ती जरा ताठ चालायची.

घंटीने तिला बातमी सांगितली तेव्हा ती खडूने कापडावर रेघ मारत होती. रेघ पूर्ण करूनच तिने वर बघितलं.

"कुठला तास?"

"दिवे लागले की पहिला."

"म्हणजे माझाच."

"तुझाच."

"वहिनी, तुझ्या साहेबाला सांग, सूर्य बुडतो तेव्हाच माझ्या बायका उगवतात. त्यांना दुपारी कुठून आणू? नोकरी सोडायला सांगू?"

"सांगितलं मी की माझी गल्ली आहे."

"मग?"

"म्हणाले, बरं झालं."

मास्तरने खडू टेबलावर ठेवला. "लाव ना मग चार टाचण्या. डबा तुझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. कोण बघतंय?"

"मी बघते."

"मोठी आलीस हरिश्चंद्राची नात. त्या कार्यकर्त्याला हाकललंस तेव्हा टाळ्या मिळाल्या, आता घर अंधारात घाल."

"फोन आल्याशिवाय टाचणी नाही, मास्तर."

"मग मी करते फोन. आत्ता करते."

"आत्ता लाइट आहे. काय सांगशील?"

मास्तरने वर ट्यूबकडे बघितलं. ट्यूब निर्लज्जासारखी जळत होती. ओव्हरलॉकवरची बाई खाली मान घालून हसली आणि लगेच धागा तुटल्याचं सोंग करू लागली.

घंटी दुसऱ्या दिवशी लवकर कार्यालयात गेली आणि नकाशासमोर उभी राहिली. मनात साधा हिशेब होता. दुसरी कुठली तरी कोरी जागा सापडली तर साहेबांना दाखवायची. खोटं नाही, चोरी नाही, टाचणी नाही तर नाही. आणि सापडली. लाकडाच्या वखारीच्या मागे खोल्यांची एक ओळ होती. तिथे टाचणीचं भोकसुद्धा नव्हतं, कागद नवा कोरा. तिने आठवून बघितलं. तिथला एकही आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.

तिला खरं तर तिथे जायची गरज नव्हती. पण नकाशावर खोटं चालत नाही म्हणणाऱ्या बाईने न बघता बोट ठेवायचं, हे तिच्या तिलाच पटेना. जेवणाच्या सुट्टीत ती वखारीला वळसा घालून गेली. एका दारात एक बाई घमेल्यात कपडे भिजवत बसली होती.

"इकडे लाइट जाते का हो?" घंटीने विचारलं.

"जाते की."

"कधी?"

"संध्याकाळी. आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

"पद्धत?"

"दिवे लागले की जाते, जेवणं झाली की येते. आम्ही आलो तेव्हापासून असंच. तुमच्याकडे नाही जात?"

"मग फोन का नाही करत?"

"कुणाला?" बाईने मनापासून विचारलं. मग जरा सावध होऊन म्हणाली, "तुम्ही मीटरवाल्या का? आमचं बिल मालक भरतो, आम्हाला काही माहीत नाही."

घंटी तशीच परत आली. वाटेत तिला स्वतःचा भयंकर राग आला, मग साहेबांचा, मग पुन्हा स्वतःचा. एका जागेवर टाचणी नव्हती कारण तिथे घंटी होती. दुसऱ्या जागेवर नव्हती कारण तिथे कुणीच नव्हतं. आणि दोन्हींकडे बघून साहेब एकच शब्द म्हणाले असते, सोशिक.

सदस्य आले तेव्हा नकाशा मोकळा होता. महिना संपायला अवकाश होता. सगळ्या टाचण्या पॉलिशच्या एका जुन्या डबीत होत्या आणि डबी त्यांच्या टेबलावर.

"हे काय?"

"काढल्या."

"का?"

"खोटं बोलत होत्या. माझी गल्ली ओरडत नव्हती कारण ती माझ्या कानात ओरडत होती. वखारीमागचे ओरडत नाहीत कारण त्यांना वाटतं शहरात अशीच पद्धत आहे. त्यांचा तास तर न विचारताच चाललाय, तो कोण कापतंय ते विचारा तुमच्या इंजिनिअरला. आता सगळंच कोरं आहे. ठेवा बोट कुठे ठेवता ते."

"बाई, डोक्यात राख घालून घेऊ नका. मी कुणाचं वाईट करायला बसलोय का? धूर गेला. बिल वाढू दिलं नाही. एक तास उरला, तो कुठेतरी ठेवावाच लागणार."

"ठेवा की. फिरवून ठेवा. आज ही गल्ली, उद्या ती."

"सगळे ओरडतील."

"ओरडू द्या. साहेब, काजळी सगळ्यांच्या कपड्यांवर पडत होती म्हणून तुमचा सदरा काठीवर चढला. फक्त आमच्याच दोरीवर पडली असती तर चिमणी अजून धूर ओकत असती आणि तुम्ही पंक्चर काढत असता."

बाहेर कुणीतरी काचेच्या दाराशी येऊन फोन लावू लागलं. टेबलावरचा फोन वाजला. तिने उचलला नाही. सदस्यांनी तिच्याकडे, मग फोनकडे बघितलं, कारण असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"एका गल्लीचा तास गेला तर बॅटऱ्या बोटीतच राहतील," ती म्हणाली. "कुणाला घाई आहे? सगळ्या शहराचा आळीपाळीने जायला लागला की कंपनीला रोज शिव्या बसतील. तेव्हा बघा बोट कशी किनाऱ्याला लागते."

टेबलाचा स्क्रू आज खरंच ढिला होता, तो सदस्यांनी नखाने आवळला. त्यांना पटलं ते न्याय म्हणून की डाव म्हणून, हे घंटीला कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही.

"म्हणजे माझ्या रस्त्याचाही तास," ते शेवटी म्हणाले.

"तुमचाही."

"बायको मला घराबाहेर काढेल."

"बाहेर गारवा असतो संध्याकाळी."

त्यांनी इंजिनिअरला फोन लावला. वखारीमागच्या खोल्यांचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, माणूस पाठवून सांगतो. मग कळलं की तिथलं बटण मालक स्वतःच रोज खाली पाडतो, मीटर कमी फिरावं म्हणून. सदस्यांनी त्याला बोलावून घेतलं. आरशात त्याच्या कोऱ्या सँडल दिसल्या तेव्हा घंटीने मान वर केली, आणि तो बसायच्या आत म्हणाली, "उभेच रहा."

तास फिरू लागला. सगळं शहर ओरडलं. फोन इतके आले की टाचण्यांची नवी डबी आणावी लागली. बिल वाढलं नाही. बॅटऱ्यांच्या बोटीला खरंच पाय फुटले का, ते कळायला वेळ होता. कंपनीने निदान तारीख तरी जाहीर केली. आणि मास्तरचं जे व्हायचं ते झालंच. ज्या संध्याकाळी गल्लीची पाळी यायची त्या संध्याकाळी बायका दारात बसून उरलेल्या उजेडात हाताने बटणं लावायच्या, काजं करायच्या, आणि मशिनं आत गप्प. शाळा उघडली तेव्हा पोरांचे सदरे तयार होते, पोरींचे झगे निम्मे. मुख्याध्यापिकेने उरलेले दुसरीकडून घेतले. पुढच्या वर्षाबद्दल ती "बघू" म्हणाली. मास्तर घंटीशी काही दिवस कामापुरतंच बोलली.

गल्लीने सवय सोडली नाही. पुढच्या पाळीच्या संध्याकाळी लाइट गेली आणि खिडकीखाली हाक आली, "घंटे, गेली गं." घंटीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "उद्या कार्यालयात फोन करा," ती म्हणाली आणि खिडकी लावून घेतली. खाली कुणीतरी तिच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

सकाळी कार्यालय उघडून ती बसते न बसते तोच फोन वाजला.

"संपर्क कार्यालय."

"काल संध्याकाळी लाइट गेली होती," मास्तरचा आवाज म्हणाला. मागे ओव्हरलॉक चालल्याचं ऐकू येत होतं, कालचं राहिलेलं काम कुणीतरी कामावर जायच्या आधी उरकत होतं.

"गल्ली सांगा."

"वहिनी, एका घरात राहतो आपण."

"गल्ली सांगा."

मास्तरने सांगितली. मग घराचा नंबर सांगितला, न विचारता, एक एक आकडा तोडून. मग म्हणाली, "आणि लिहून घे, घरातून निघताना तू माझी कात्री घेऊन गेलीस."

घंटीने पर्स उघडून बघितलं. कात्री होती, घाईत आपली समजून टाकलेली. तिने ती टेबलावर ठेवली, डबीतून एक टाचणी उचलली, आणि रिसीव्हर खांद्यावर मानेने दाबून धरून ती नकाशाकडे वळली. आपली गल्ली शोधायला तिला वेळ लागला. तिथे तिने याआधी कधी हात नेलाच नव्हता.